कारखान्यातला साठा: कधी मागवायचं, किती मागवायचं आणि आकडे कुठे फसतात

माल संपून लाइन थांबली की पहिला संशय रीऑर्डर पातळीवर (साठा जिथे आला की नवी ऑर्डर काढायची त्या आकड्यावर) जातो आणि कुणीतरी ती दुप्पट करून टाकतं. त्याने रॅक भरतात, तुटवडा मात्र राहतोच. कारण संगणकात ४०० नग दिसत असतात आणि रॅकवर ३१० असतात, किंवा पुरवठादाराचे १० दिवस धरलेले असतात आणि माल हातात पडायला १६ लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंद खरी करा, मग लीड टाइम (ऑर्डरची वेळ झाल्यापासून माल वापरायला तयार होईपर्यंतचे दिवस) खरा मोजा, पातळी त्यानंतर लावा. खोट्या नोंदीवर लावलेली पातळी चुकीच्या दिवशी ऑर्डर काढते, आणि ते कळतं लाइन थांबल्यावरच.

एका वस्तूला एकच कोड

६२०५ बेअरिंगचं उदाहरण घ्या. आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं हेच बेअरिंग एसकेएफ '२आरएस१' म्हणून देतं, एनएसके 'डीडीयू' म्हणून आणि एनटीएन 'एलएलयू' म्हणून. स्टोअरमध्ये तिघांचे तीन कोड उघडले गेले तर एका कप्प्यात ६०० पडून असतात आणि दुसऱ्या कोडवर तातडीची ऑर्डर निघते. उलट चूकही तितकीच महाग पडते. झेडझेड म्हणजे पत्र्याचं शील्ड, सी३ म्हणजे आतली जास्त क्लिअरन्स (मोकळी फट). मापं तीच असली तरी काम वेगळं, त्यामुळे हे एका कोडखाली घालायचे नाहीत. एकमेकांच्या जागी चालतात की नाही हे डिझाइन किंवा मेंटेनन्सकडून लेखी घ्या. चालत असतील तर एक कोड आणि त्याखाली मान्य ब्रँडांची यादी.

दुसरी गोष्ट एककाची. तार किलोत येते, लाइनवर मीटरमध्ये जाते. रंग लिटरमध्ये विकत घेतला जातो आणि बीओएममध्ये (एका उत्पादनाला लागणाऱ्या भागांच्या यादीत) किलोत लिहिलेला असतो. प्रत्येक वस्तूला साठ्याचं एकच एकक ठरवा, रूपांतराचा गुणक वस्तूच्या मास्टरमध्ये (मूळ नोंदीत) भरा आणि तो बदलायचा हक्क एकाच माणसाकडे ठेवा. बॉक्समध्ये ५०० नग असताना जीआरएन (माल आल्याची नोंद) करणाऱ्याने '१' टाकलं तर संगणकाला एक नग मिळतो, आणि लगेच पुढची ऑर्डर निघते.

माल कुठून कुठून हलतो

आवक, इश्यू (स्टोअरमधून लाइनला दिलेला माल), लाइनवरून परतावा, स्क्रॅप (बाद माल) आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी बदली: साठा या पाच वाटांनीच हलतो. पाचही वाटांवर कागद किंवा स्कॅन हवा. आवक आणि इश्यू सगळीकडे नोंदवले जातात. गळती असते ती उरलेल्या तिघांत.

स्क्रॅपचं पाहा. अनेक ठिकाणी तयार माल नोंदवला की बीओएमप्रमाणे सुटे भाग आपोआप साठ्यातून वजा होतात. याला बॅकफ्लश म्हणतात. रोज १२० नग लागणाऱ्या भागात ३ टक्के बाद होत असतील आणि कुणी स्क्रॅप स्लिप भरत नसेल, तर रोज साडेतीन-चार नग गुपचूप कमी होतात. २५ कामाच्या दिवसांत ९० नगांचा फरक पडतो. पुढे आपण जो सेफ्टी स्टॉक (वापर वाढला किंवा माल उशिरा आला तर हाताशी असावा असा जादा साठा) काढणार आहोत त्यातला मोठा वाटा असाच गिळला जातो. उपाय साधा आहे: लाइनशेजारी लाल ट्रे, ट्रेवर स्लिपबुक, आणि शिफ्ट संपताना ट्रे रिकामा करणाऱ्यानेच नोंद करायची.

रात्रपाळीची अडचण वेगळी. स्टोअर बंद, चावी सुपरवायझरकडे, माल उचलला जातो आणि स्लिप 'सकाळी' लिहायची राहते. रात्रीसाठी वेगळा पिंजरा ठेवा, त्यात निवडक वस्तूंचा मोजलेला साठा भरा आणि रोज सकाळी तो पुन्हा पूर्ण करा. जितकं भरावं लागलं तितका रात्रीचा वापर. स्लिपची वाट पाहायला नको.

तपासणीत अडकलेला माल वापरण्याजोग्या साठ्यात धरू नका. त्याला संगणकात वेगळी जागा द्या आणि जमिनीवर पिवळी पट्टी मारून वेगळं ठेवा. नाहीतर लॉट नाकारला गेला की साठा अचानक कोसळतो, आणि तोवर ऑर्डर काढायची वेळ गेलेली असते.

मोजायचं कसं

बोल्ट, नट, वॉशर काट्यावर मोजा, पण नमुना पुरेसा मोठा घ्या. समजा एका बोल्टचं वजन १४.२ ग्रॅम आणि काटा १ ग्रॅमपर्यंत वाचतो. १० बोल्ट ठेवले तर काटा १४२ दाखवेल, त्यात अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे असू शकतो. म्हणजे ०.३५ टक्के चूक. ५,००० बोल्टांच्या खोक्यात जवळपास १८ नग. नमुना १०० चा घेतला तर तीच चूक दोन नगांच्या आत येते. प्लेटिंगचा नवा लॉट आला की नमुना नव्याने घ्या. रिकाम्या क्रेटचं वजन प्रत्येक क्रेटवर रंगाने लिहून ठेवा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन क्रेटची वजनंही जुळत नाहीत.

आडव्या गोल टाकीत काठी बुडवून तेल मोजणारे हमखास फसतात. काठी अर्धी ओली म्हणजे टाकी अर्धी, इथपर्यंत ठीक. पण काठी पाव ओली असेल तर टाकीत पाव तेल नसतं, फक्त १९.६ टक्के असतं. टोकं सपाट असलेल्या टाकीचा हा हिशेब आहे. म्हणजे ऑर्डरची वेळ येते नेमकी तेव्हाच काठी जास्त साठा दाखवते. टाकीचा डिप चार्ट (काठी किती ओली म्हणजे किती तेल, याचा तक्ता) बनवून टाकीवरच लावा.

पत्र्याची अर्धी वापरलेली कॉइल उचलून काट्यावर नेता येत नसेल तर व्यासावरून वजन काढा: बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्याचा वर्ग वजा करा, त्याला ०.७८५४ ने, रुंदीने आणि पोलादाच्या घनतेने, म्हणजे ७,८५० किलो प्रति घनमीटरने गुणा. बाहेर १,००० मिमी, आत ५०८ मिमी, रुंदी २०० मिमी असेल तर साधारण ९१५ किलो. वेटोळ्यांमधली फट धरून खरं वजन थोडं कमी भरतं. व्यास आणि रुंदी मीटरमध्ये घालायला विसरू नका.

वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून केलेली मोजणी हिशेबाच्या वह्यांपुरती ठीक. चूक कुठून आली हे तिच्यातून कळत नाही, कारण तोवर सहा महिने उलटलेले असतात. त्याऐवजी रोज थोडं मोजा. समजा २,००० वस्तू आहेत: किमतीच्या हिशेबाने वरच्या २०० दरमहा, मधल्या ५०० तिमाहीला, उरलेल्या १,३०० वर्षातून एकदा. वर्षाच्या ५,७०० मोजण्या होतात. २५० दिवसांत रोज २३. एका माणसाचं हे दोन-अडीच तासांचं काम आहे.

मोजणाऱ्याला संगणकातला आकडा दाखवू नका. दाखवला की तोच परत येतो. मोजणी शिफ्ट बदलताना करा आणि त्या वस्तूच्या राहिलेल्या स्लिपा आधी चढवून घ्या. फरक आढळला की आकडा दुरुस्त करण्याआधी कारण शोधा: कुठली स्लिप, कुठली जागा, कुठलं एकक. अचूकता तपासताना रुपयांतला निव्वळ फरक पाहू नका. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी असलं की बेरीज शून्याजवळ येते आणि सगळं ठीक वाटतं. मोजलेल्या १०० वस्तूंपैकी किती बरोबर निघाल्या, हाच आकडा ठेवा.

खरा लीड टाइम

पुरवठादार म्हणतो १० दिवस. तो ऑर्डर हातात पडल्यापासून मोजतो. तुम्हाला मोजायचंय ते साठा पातळीखाली गेल्याच्या क्षणापासून माल रॅकवर वापरायला तयार होईपर्यंत. इंडेंटची (मागणीपत्राची) मंजुरी २ दिवस, पीओ (खरेदीची ऑर्डर) निघून पोचायला १, पुरवठादाराचे १०, वाहतूक २, आवक तपासणी आणि जागेवर लावणं १. झाले १६. सगळे कामाचेच दिवस धरा, नाहीतर रोजचा वापर कामाच्या दिवसांचा आणि लीड टाइम कॅलेंडरचा अशी भेसळ होते.

मागच्या १० ते १२ ऑर्डरींच्या तारखा काढा आणि सरासरीसोबत प्रमाण विचलनही (आकडे सरासरीच्या किती मागेपुढे होतात याचं माप) काढा. स्प्रेडशीटमध्ये एका फंक्शनचं काम आहे. हा दुसरा आकडा बहुतेक ठिकाणी कुणी काढत नाही, आणि सगळ्यात जास्त साठा त्याच्यामुळेच अडकतो. ते आता हिशेबातच दिसेल.

पातळी लावणं

तेच बेअरिंग घेऊ. रोजचा वापर १२०, त्याचं प्रमाण विचलन ३०, लीड टाइम १६ दिवस. १६ दिवसांचा वापर १,९२०. ९५ टक्के चक्रांत (एक ऑर्डर काढल्यापासून ती येईपर्यंतचं एक चक्र) माल संपू नये असं हवं असेल तर संख्याशास्त्राच्या तक्त्यातला गुणक १.६५. फक्त वापरातला चढउतार धरला तर सेफ्टी स्टॉक १.६५ × ३० × १६ चं वर्गमूळ, म्हणजे १९८. पातळी २,११८.

आता लीड टाइमचं विचलन ३ दिवस आहे असं धरा. १६ × ३० चा वर्ग म्हणजे १४,४००. त्यात १२० चा वर्ग × ३ चा वर्ग, म्हणजे १,२९,६०० मिळवा. बेरजेचं वर्गमूळ ३७९.५, गुणिले १.६५, म्हणजे ६२६. सेफ्टी स्टॉक तिपटीहून वर गेला, पातळी २,५४६. पुरवठादाराने हेच विचलन ३ दिवसांवरून १ दिवसावर आणलं तर सेफ्टी स्टॉक २८० वर येतो, जवळपास साडेतीनशे बेअरिंग कमी. खरेदी विभागाने दरावर घासाघीस करावीच, पण तारीख पाळण्याबद्दल बोलताना हा आकडा समोर ठेवावा.

वापराचं विचलन काढताना एक सापळा आहे. स्टोअरमधून माल ५०० च्या खोक्यात जात असेल तर नोंदीत एक दिवस ५००, मग तीन दिवस शून्य असं दिसतं. हा इश्यूचा आकडा, वापराचा नव्हे. यावर विचलन काढलंत तर ते अवाच्या सवा येईल. उत्पादनाचे नग गुणिले बीओएम, अधिक स्क्रॅप, असा रोजचा वापर काढा. बंद दिवस वगळा.

९५ टक्के ऐकायला भरपूर वाटतं. पण एका जोडणीत ४० भाग लागत असतील आणि सगळे एकाच वेळी आपापल्या साठ्याच्या तळाशी आले असतील, तर चाळीसही भाग हाताशी असण्याची शक्यता ०.९५ चा चाळिसावा घात, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येकी ९९ टक्के ठेवले तर ती ६७ वर जाते. त्यासाठी गुणक २.३३ लावा, वरच्या बेअरिंगचा सेफ्टी स्टॉक मग ८८४ होतो. महागड्या भागात हे परवडेलच असं नाही. पण वॉशर, क्लिप, लेबल, गॅस्केट यांत काटकसर करायचं काहीच कारण नाही: सगळ्यात स्वस्त वस्तूसाठी तयार होत आलेलं मशीन अडकून राहणं हा सगळ्यात वाईट तोटा.

साठा रोज न पाहता आठवड्यातून एकदाच पाहणार असाल तर ते ५ दिवसही लीड टाइममध्ये मिळवा. १६ चे २१ होतात आणि ९५ टक्क्यांची पातळी साधारण ३,१५६ वर जाते. रोज न पाहण्याची किंमत इथे ६०० हून जास्त बेअरिंग आहे.

पातळीशी काय ताडायचं

रॅकवरचा आकडा पातळीशी ताडू नका. रॅकवर ९००, ऑर्डर देऊन यायचे २,०००, पुढच्या उत्पादनासाठी राखलेले २५० असतील तर तुमची स्थिती ९०० अधिक २,००० उणे २५०, म्हणजे २,६५०. पातळी २,५४६ आहे, अजून ऑर्डर नको. नुसता रॅक पाहणारा इथे रोज घाबरून नवी ऑर्डर काढेल.

आणि याच बेरजेत सगळ्यात जास्त खोटेपणा शिरतो. १,००० च्या ऑर्डरवर ६०० आले, पुरवठादाराने उरलेले ४०० रद्द समजून ऑर्डर बंद केली, पण तुमच्या संगणकात ती उघडीच आहे. तुमची स्थिती कायम ४०० ने फुगलेली राहते आणि पुढची ऑर्डर तीन-चार दिवस उशिरा निघते. दर आठवड्याला तारीख उलटलेल्या सगळ्या उघड्या ऑर्डरींची यादी काढा. प्रत्येकीपुढे दोनच उत्तरं चालतील: पुरवठादाराने दिलेली नवी तारीख, किंवा बंद. 'फॉलोअप चालू आहे' असा शेरा यादीत घेऊ नका.

किती मागवायचं

फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र आजही चालतं: वार्षिक वापर गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि सगळ्याचं वर्गमूळ. ऑर्डरचा खर्च नेमका किती यावर तास घालवू नका. हे सूत्र चुका पोटात घालतं: आलेल्या संख्येच्या दीडपट मागवलं तरी ऑर्डर आणि साठवण यांचा मिळून खर्च ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो, दुप्पट मागवलं तर २५. त्यामुळे आकडा पुऱ्या खोक्याला, पॅलेटला किंवा पुरवठादाराच्या किमान ऑर्डरला जुळवून घ्या. मात्र किमान ऑर्डर तुमच्या सहा महिन्यांच्या वापराएवढी असेल आणि वस्तूला मुदत असेल, तर आधी मुदत पाहा. चिकटद्रव्यं, सीलंट, रंग, रबरी ओ-रिंग यांवर आवकेच्याच दिवशी मुदत ठळक लिहा आणि आधी संपणारं आधी द्या. आधी आलेलं आधी हा नियम इथे पुरत नाही.

सगळ्यांना एकच पद्धत नको

स्वस्त आणि सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी संगणकाची गरजच नाही. दोन बिन ठेवा, एकामागे एक. पुढचा संपला की त्याचं कार्ड डब्यात टाका, मागचा पुढे ओढा. प्रत्येक बिनमध्ये भरणा होईपर्यंतचा वापर आणि वर थोडी गुंजाईश इतका माल मावला पाहिजे. ही पद्धत मोडते ती एकाच कारणाने: घाईत दोन्ही बिनमधून एकदम माल उचलला जातो. मागच्या बिनला झाकण आणि सील लावा. सील तुटल्याशिवाय हात आत जाता कामा नये.

लाइनवर भरणा करताना कानबान कार्डांची (बिन रिकामा झाला की भरणा मागणाऱ्या कार्डांची) संख्या काढा: तासाचा वापर गुणिले भरण्याचा वेळ गुणिले गुंजाईश, भागिले एका बिनमधले नग. तासाला २४० नग, भरायला २ तास, २० टक्के गुंजाईश, बिनमध्ये ६० नग, ९.६ आले, म्हणजे १० कार्डं. कार्ड हरवलं की तितका साठा फिरण्यातून कायमचा बाद होतो, आणि दोन-तीन हरवल्यावर लाइन अडखळू लागते. आठवड्याला कार्डं मोजा.

मोठ्या किमतीच्या, प्लॅननुसार लागणाऱ्या भागांना रीऑर्डर पातळी लावूच नका. महिन्यातून एकदा १५० लागणारी मोटर सरासरीने रोज ६ लागते असं दाखवणं फसवं आहे. ती उत्पादन वेळापत्रकावरून, लीड टाइम मागे मोजत मागवा.

मेंटेनन्सचे सुटे भाग

इथे सरासरी चालत नाही. वर्षाला एक-दोनच लागतात. सारख्या १० गिअर मोटर आहेत, प्रत्येक साधारण ५ वर्षांनी जाते असं धरू. वर्षाला २, आणि नवी यायला ३ महिने लागत असतील तर त्या काळात सरासरी अर्धी. एक वापरली की लगेच एक मागवायची अशी पद्धत असेल आणि एकच जवळ ठेवली असेल, तर मोटर जाईल तेव्हा शेल्फ रिकामं असण्याची शक्यता ३९ टक्के. दोन ठेवल्या तर ९, तीन ठेवल्या तर दीडहून कमी. दोन की तीन, हे मोटर गेल्यावर तासाला किती उत्पादन बुडतं त्यावर ठरवा, आणि तो निर्णय उत्पादन प्रमुखाच्या सहीने घ्या. एकट्या स्टोअरकीपरवर टाकू नका.

साठवणीतही साठा मरतो. उघड्यावर ठेवावे लागणारे तेलाचे ड्रम आडवे ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी; उभ्या ड्रमच्या वरच्या कडेत पाणी साचून बुचातून आत ओढलं जातं. बेअरिंग मूळ वेष्टनातच, आडवी, जिथे जमीन थरथरत नाही अशा जागी ठेवा.

बदलणारे आणि बंद होणारे भाग

पातळ्या तिमाहीला पुन्हा काढा, आणि वापर किंवा लीड टाइम २० टक्क्यांहून सरकला तर तिमाहीची वाट पाहू नका. ड्रॉइंग बदलल्याची सूचना डिझाइनकडून स्टोअरला त्याच दिवशी गेली पाहिजे. जुन्या भागाची पातळी लगेच शून्य करा, उघड्या ऑर्डरी रोखा. मग शेवटचा आकडा काढा: बदलाच्या तारखेपर्यंतचा वापर अधिक विक्रीनंतरच्या दुरुस्त्यांसाठी लागणारे नग, उणे रॅकवरचे आणि वाटेतले. आला तितकाच शेवटचा पीओ काढा. नव्या भागाचे पहिले दोन लॉट मात्र पातळीवर सोडू नका, हाताने मागवा, कारण त्याच्या वापराची आणि लीड टाइमची नोंद अजून तुमच्याकडे नाही.